बसवलं की बसतंय

न बसणारी वस्तू देवाने अजून घडवलेलीच नाही, असं भिंगारला राहणाऱ्या आमच्या साडूंचं ठाम मत आहे. एका कंपनीच्या मिक्सरला दुसरीचं भांडं, शेजाऱ्यांच्या कुकरला आपलं झाकण, आणि स्वतःच्या लग्नात थोरल्या भावाचा कोट, सगळं त्यांनी बसवलेलं आहे. माझ्या मेहुणीच्या गळ्यात हार घालताना त्या कोटाची काख टर्रकन उसवली, तर हे भटजींना म्हणतात, "चालू द्या, आता कुठं बसला!"

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या आईनं ध्यास घेतला. मिरजगावला तिचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला, त्याला एकदा डोळे भरून बघायचं. पण म्हातारीची कंबर गेलेली, दचके बसता कामा नयेत असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि साडूंच्या गाडीचे शॉकअप असे की खड्डा रस्त्यात अन् कळ टाळूत. भाड्यानं दुसरी गाडी करा म्हटलं तर माझ्यावरच उखडले. "घरात गाडी असताना? लोक काय म्हनतील?"

झालं! राहुरीच्या भंगारवाल्याकडून लालभडक शॉकअपची जोडी आली. कुणा हौशी पोरानं जीप उंच करायला लावलेली. फिटरनं कपाळाला हात लावला. "काका, हे आपल्या गाडीचं न्हाई. वरचं भोक जुळत न्हाई, स्प्रिंग लई लांब हाय."

"मग? जावई तरी कुठं घरचा असतो? बसवला की बसतोच ना?" असं म्हणून साडूंनी भर गॅरेजात माझ्याकडे बोट दाखवलं.

फिटरनं नवी पट्टी घडवली, बुश बदलले, शिव्या गिळल्या आणि एकदाचं ते बसवलं. जॅक काढला तर गाडी पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखी मागून वर! चालवून पाहिली, तर आधीपेक्षा जास्त उडते. "जीपचं हाय," फिटर म्हणाला, "वजन मागतंय." साडूंनी मला नखशिखांत न्याहाळलं. मी काय ते समजलो.

डिकीत बाजरीची पोती, मागच्या सीटवर मी, पुढे उशी घेऊन आई. गाडी अशी लोण्यासारखी गेली म्हणून सांगू! मिरजगावात मी आधी उतरायला गेलो, तशी गाडी वर आली. आई ओरडली, "पाव्हनं, हलू नका! आदी मला उतरू द्या!" मामांनी बहिणीला ओळखलं. दोघं हात धरून, गुडघ्यांच्या तक्रारी सांगत, उन्हं कलेपर्यंत बसली. साडू ओसरीवर उगाचच गाडीकडे बघत होते. डोळे पुसताना मला दिसले.

पुढे मामा गेले, आणि थंडीत आईही गेली. ते शॉकअप आता काढा, असं फिटर म्हणतो. साडू ऐकत नाहीत. परवा त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, गाडी लई उडतीया. नुसतं येऊन बसा की."

मी चप्पल घातली, भिंगारला गेलो आणि मागच्या सीटवर बसलो. पुढची सीट रिकामीच होती, उशी तिथंच होती. कुठं जायचं, ते मी विचारलं नाही.