योगेंद्रच्या हातचं पाणी

अमळनेरच्या चिंधा मास्तरांना वरातीत पाणी द्यायचा मान एकट्या योगेंद्रचा. मास्तर म्हणजे त्याचे वडील, आबा. दोन एकर कपाशी आणि लग्नसराईत बँड, असा त्यांचा संसार. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचं तोंड कोरडं पडलं की सूर फाटतो, म्हणून दर चौकात आबा थांबायचे आणि डावा हात मागे करायचे. पोराने त्यात तांब्या ठेवायचा. दुसऱ्या कुणी दिलेलं पाणी त्यांना गोड लागत नसे.

पुढे योगेंद्रही क्लॅरिनेट शिकला आणि चांगलं वाजवू लागला. पण नशीब बघा, हा तयार झाला नि डीजे कानामागून येऊन तिखट झाला. दोन हंगाम बँडला सुपारीच आली नाही. मग तो धुळ्याच्या एका हॉटेलात लागला, तिथून पुण्याला गेला आणि बारच्या काउंटरमागे उभा राहिला. घरी ‘हॉटेलात नोकरी’ एवढंच सांगितलं. बारचं नाव काढायची छाती झाली नाही.

कॉकटेल हलवताना इतर लोक घड्याळ बघत. योगेंद्र कानाने काम करी. शेकरमधला बर्फ आधी खणखणतो, मग त्याचा आवाज जाड होतो, आणि नेमकं कुठे थांबायचं ते त्याला कळे. भाजलेली हिरवी मिरची आणि पिकलेलं केळं घालून त्याने एक पेय केलं, त्यासाठी लोक मुंबईहून येऊ लागले. त्याच्या हाताखाली शिकलेले गोव्यापासून दिल्लीपर्यंत पोचले. शेकर कानाशी धरायची खोड त्या सगळ्यांना त्याच्यामुळे लागली.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ गावात दाखवला. आबांनी तोवर बँड मोडून माळ घातली होती. माळकऱ्याचा पोरगा लोकांना दारू पाजतो म्हटल्यावर गावाला काय, फुकटची करमणूक. दिवाळीला योगेंद्र घरी आला आणि सवयीने तांब्या पुढे केला. आबांनी ओठ घट्ट मिटले.

“तुना हातनं पानी माले नको,” ते म्हणाले.

नऊ वर्षं तसंच चाललं. त्याने आणलेला स्वेटर चाले, औषध चाले, पाणी नाही. दर खेपेला तो तांब्या भरी, आबा ओठ मिटत, आणि आई, कमलबाई, तांब्या उचलून नेई. त्याला राग यायचा, आणि त्या रागाचं करायचं काय ते कळायचं नाही.

यंदा पौषात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, मानही वळेना. डॉक्टरांनी चमच्याने थोडंथोडं पाणी पाजायला सांगितलं.

“पाज रे भाऊ,” आई म्हणाली. “तुना आबा आते काय बोलतीन?”

योगेंद्रने चमचा ओठांना लावला. ओठ उघडेच होते. अर्धं पाणी आत गेलं, अर्धं हनुवटीवरून माळेवर ओघळलं. नऊ वर्षं ज्यासाठी तो झुरला ते झालं, आणि त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. दुसरा चमचा भरून तो थांबला. उभ्या वराती नाचवणारे ते ओठ मिटतील म्हणून त्याने वाट पाहिली.

“आबा,” तो वाकून म्हणाला, “नको म्हना ना.”

आबा छताकडे बघत राहिले. पाणी सांडेल, असं आईने मागून सांगितलं, तेव्हा त्याने तोही चमचा पाजला.