साडभाऊंचा चौथा अंक

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे पालथे घातले तरी एका नाटकावर माझ्या साडभाऊंइतकं, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतकं, प्रेम करणारा माणूस सापडणार नाही, आणि त्याच नाटकाचा शेवट न पाहिलेला इतका जुना प्रेक्षकही सापडणार नाही. 'संगीत मेघावती' हे ते नाटक. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभराचं नाटक आलंच. साडभाऊ मिसरूड फुटायच्या आधीपासून मेघावतीच्या मागे या मंडईतून त्या मंडईत हिंडले. पण नाटक पडलं चार अंकी. पहिल्या तीन अंकांत पदांची रेलचेल, चौथ्यात नुसती बोलणी आणि अगदी शेवटी एक भैरवी. तिसऱ्या अंकाचा पडदा पडला की साडभाऊंचे डोळेही पडत, ते थेट लोक चादरी झटकून घरी निघाले की उघडत. हे गृहस्थ चंद्रपूरलगतच्या ऊर्जानगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. रात्रपाळीत त्यांचा डोळा लागल्याचं कोणी सांगणार नाही. आपण सगळे पंख्याखाली निवांत झोपावं म्हणून जन्मभर जागलेला हा माणूस चौथ्या अंकाला मात्र घोरत असे. त्यांना हसायचा मला काही अधिकार नाही, कारण त्यांच्या शेजारी मी दुसऱ्या अंकातच आडवा झालेला असे. मी चंद्रपूरच्या सरकारी कचेरीत नोकरी काढली आहे. झोपेच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा, आणि मला तर आडवं होण्याचीही गरज नसते.

नाटकाहूनही साडभाऊंना प्यारी अशी एकच वस्तू, ती म्हणजे मैफलीची कॅसेट. एका वर्षी हंगाम संपल्यावर कंपनीच्या गायक नटनट्यांनी गडचिरोलीत एका शाळेच्या पटांगणात, रंग न लावता, साध्या कपड्यांत बसून मेघावतीची सगळी पदं ओळीनं गायली. कोणीतरी ती टेप केली आणि तिची एक प्रत साडभाऊंच्या हाती लागली. दमट हवेनं बुरशी लागू नये म्हणून ते ती तांदळाच्या डब्यात ठेवतात. मुलानं तीच गाणी मोबाइलमध्ये घालून दिली, तर दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "यात खरखर नाई येत. बाई आपल्यासमोर गावून राह्यली असं वाटतच नाई." या मैफलीत दुसऱ्या पदाच्या ऐन आलापात माइकवरून एक जण ओरडतो, "गेटापाशी लाल ट्रॅक्टर कोनाचा हाये, हटवा तो!" बाई न डगमगता समेवर येतात. साडभाऊंनी हे पद ट्रॅक्टरसकट पाठ केलं. ते आलाप घेतात, ट्रॅक्टर हटवतात आणि मग समेवर येतात. त्यांची मुलगी, जिचं नाव अर्थातच मेघा, लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात हे पद गायला उभी राहिली. घरी जसं ऐकलं तसं तिनं इमानेइतबारे गायलं. परीक्षकांनी तिला गायनाचं सोडून एकपात्री अभिनयाचं बक्षीस दिलं. त्या वेळी मी पोट धरून हसलो होतो. पण परवा अंघोळ करताना मी जरा खुशीत होतो, तर बाहेरून बायकोनं विचारलं, "कोनाचा ट्रॅक्टर?" तेव्हा कळलं की हा आजार साध्या सोयरिकीनंही लागतो.

नाटकाची गोष्ट अशी. मेघावती ही पाटलाची मुलगी आणि जयवंत हा नदीवर डोंगा चालवणारा. दोघांचं जमलं म्हणून पाटलाचा दुष्ट कारभारी ऐन पुरात जयवंताला पैलतीरी धाडतो. मेघावती काठावर वाट पाहत बसते, आणि शेवटी 'डोंगा आला गं काठाला' ही भैरवी होते. कॅसेटमध्ये बोलणी नाहीत. डोंगा आला एवढंच भैरवीत आहे, डोंग्यात कोण आलं ते नाही. साडभाऊंनी जयवंताला त्यात बसवून टाकलं. जयवंत कसा काठावर उडी मारतो, कसा तिचा हात धरतो, कारभारी कसा शरमेनं काळा पडतो, हे ते इतकं रंगवून सांगत की आपण प्रत्यक्ष पाहिल्यासारखं वाटे. कोणी मध्येच तोंड उघडलं की "मले मालूम हाये" म्हणून त्याला गप्प करत आणि आपलंच पुढे चालवत. लोकही म्हणत, जाऊ द्या, म्हाताऱ्याचा आनंद आहे.

हा नुसता आनंद असता तर माझी काही हरकत नव्हती. पण साडभाऊंनी सगळा संसार त्या डोंग्यात घातला होता. मेघा तापानं फणफणली आणि डॉक्टर बोलेनासे झाले, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून ते आम्हालाच धीर देत होते, "डोंगा येतेच. मेघावतीचा आला, आपला काऊन नाई येनार?" मुलाची नोकरी लागेना, तेव्हा तेच. माझी बढती अडकली तेव्हाही रोज सायकल मारत येऊन मला डोंग्याचं सांगून जात. मेघा बरी झाली, मुलगा नोकरीला लागला. माझी बढती तेवढी आली नाही, पण त्यात डोंग्याचा काही दोष नव्हता. मी त्या डोंग्यात बसण्याच्या लायकीचाच नव्हतो, असं साहेबांचं स्पष्ट मत होतं.

खरी गोष्ट आमच्या सासरी सगळ्यांना ठाऊक होती. आमचं सासर वडशाकडचं, नाटकांच्या माहेरातलं. तिथल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत असे की डोंगा रिकामा येतो. जयवंताचा नुसता फेटा त्यात असतो. माझ्या बायकोनं हे मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. आमच्यात काही लपवून ठेवण्याची पद्धत नाही, विशेषतः माझा हिरमोड होणार असेल तर. पण तिची थोरली बहीण, म्हणजे माझी आकडसासू, स्वभावानं वेगळी. आमच्याकडे बायकोच्या थोरल्या बहिणीला सासूइतका मान. या बाईंनी आपल्या नवऱ्याला इतक्या वर्षांत एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

आणि गेल्या हिवाळ्यात घोटाळा झाला. एका हौशी मंडळानं मेघावती पुन्हा बसवलं आणि चंद्रपूरच्या नाट्यगृहात प्रयोग लावला. वयस्क मंडळींची सोय म्हणून तो दुपारी ठेवला. साडभाऊ हरखून गेले. आकडसासूबाईंनी मात्र मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. दार लोटून घेत म्हणाल्या, "जवाईबापू, दुपारचं नाटक हाये. ते झोपनार नाईत."

"मग पाहू द्या की," मी म्हणालो.

"कसं पाहू द्या? मी लग्न होऊन आली तवाच त्यायनं मले सारी गोठ सांगतली. इतके खुशीत सांगून राह्यले होते, मी कायले बोलू? मंग पोरं झाले, घर झालं, आन् साऱ्या घराले त्यायनं डोंगा येते, डोंगा येते म्हनूनच हाकललं. आता या वयात तो रिकामा दिसला त त्यायच्या जिवाले लागंन. तुमी काईबी करा, पन चौथ्या अंकात त्यायले झोपवा."

माझ्या गुणांची कदर करून कोणी माझ्यावर काम सोपवलं, असा हा माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग. मी छाती पुढे काढून होकार दिला. बेत सोपा होता. प्रयोगाच्या दिवशी दोघांना चंद्रपूरला माझ्याकडे जेवायला बोलावलं आणि बायकोला वडा-भात करायला लावला. वडा-भातावर फोडणीचं तेल ओतून घेतलं की भलाभला माणूस तासाभरात गारद होतो, हा माझा स्वानुभव. पण साडभाऊ घासभर भात चिवडत बसले. म्हणाले, "नाटकाच्या दिवशी पोट हलकं पाह्यजे, साडभाऊ. बाई उपाशीपोटी गाते, आन् आपन ढेकर देत आयकाचं का?" त्यांना भरीला घालावं म्हणून मी स्वतः वाढून घेतलं. त्यांना लाज वाटावी म्हणून पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा का घेतलं याचं कारण मला आता आठवत नाही. आकडसासूबाई माझ्या ताटाकडे पाहत होत्या, आणि त्यांचा माझ्यावरचा विश्वास वड्यागणिक कमी होताना मला दिसत होता.

नाट्यगृहात खुर्च्या मऊ, वर थंड हवा. पुढचं सांगायला नको. पहिल्या पदाला मी मान डोलावली, ती खाली गेली ती वर आलीच नाही. जाग आली ती आकडसासूबाईंच्या कोपरानं. माझ्या कानाशी त्या कुजबुजत होत्या, "उठा, डोंगा निंगाला!" डोळे चोळून पाहतो तो चौथा अंक संपत आलेला, आणि पलीकडे साडभाऊ टक्क जागे, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मेघावती झालेल्या बाई वयानं बऱ्याच होत्या, पण आवाज असा की मीसुद्धा सावरून बसलो. 'डोंगा आला गं काठाला' म्हणत त्यांनी हात पुढे केला आणि विंगेतून चाकांवरचा लाकडी डोंगा दोरीनं ओढत आला. त्यात लाल फेटा होता. दुसरं काही नव्हतं.

साडभाऊंकडे पाहायचा मला धीर होईना. एवढ्यात तेच उठून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात ओरडले, "वन्समोर!"

संगीत नाटकात वन्समोर आला की पद पुन्हा म्हणावं लागतं, मग गाणारा मेलेला का असेना. लोकांना कौतुकच वाटलं, टाळ्या पडल्या. पेटीवाल्यानं सूर धरला, डोंगा मागे ओढला गेला, बाईंनी भैरवी पुन्हा म्हटली. डोंगा पुन्हा आला. फेटा होता तिथेच होता. "वन्समोर!" साडभाऊ पुन्हा ओरडले. आता आणखी चार-सहा रसिकांनी त्यांना साथ दिली. बाईंनी दमून हात जोडले, पदरानं कपाळ पुसलं आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. एव्हाना माझ्या लक्षात आलं की आपले साडभाऊ गाणं ऐकतच नाहीयेत. ते बाईंकडे पाहतही नव्हते. पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून, वाकून, विंगेतून डोंग्याचं टोक कधी बाहेर येतं ते पाहत होते. दर वेळी तो नव्यानं निघत होता, आणि दर वेळी त्यांना वाटत होतं की या खेपेला बसला असेल. मला एकदम फार वाईट वाटलं. वाटलं, विंगेत जाऊन आपणच तो फेटा घालावा आणि डोंग्यात बसावं. पण माझ्या वजनानं तो डोंगा हलला नसता, आणि त्या दुपारी तर मुळीच नाही.

तिसऱ्यांदाही तेच झालं. साडभाऊंनी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा आकडसासूबाईंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून हळूच खाली ओढलं. म्हणाल्या, "बसा आता. तो नाई येत."

साडभाऊ बसले.

घरी परतताना ऑटोत मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून बसलो होतो आणि ती दोघं मागे. नाट्यगृह मागे पडलं. मग साडभाऊ म्हणाले, "तुले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"लग्नाच्या आदीपासून."

समोर बैल आडवे आले म्हणून ऑटो थांबला, तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला. "मंग इतके वर्सं माही गोठ आयकत काऊन राह्यली? खोटी हाये म्हनून सांगाचं ना."

"खोटी कायची?" आकडसासूबाई म्हणाल्या. "मले तुमचीच आवडे."

मी समोर बैलांकडे पाहत राहिलो. इतकी वर्षं मी या जोडप्याकडे जेवायला गेलो, त्यांच्या कॅसेटची टिंगल केली, ट्रॅक्टरचा किस्सा चारचौघांत सांगून वाहवा मिळवली. आणि त्या घरात रोज काय चाललं होतं ते मला त्या ऑटोत बसल्यावर कळलं. घरी आल्यावर मी ते बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमाले आता समजलं?"

साडभाऊ आता थकले आहेत. संध्याकाळी मी गेलो की कॅसेट लावतात आणि अजूनही मेघावतीची गोष्ट सांगायला बसतात. पहिला अंक, दुसरा अंक, तिसरा अंक, सगळं पूर्वीसारखंच हातवारे करून. पण पुराच्या जागी आले की थांबतात आणि बायकोकडे पाहतात. मग पुढचं आकडसासूबाई सांगतात. त्यांना रंगवून सांगता येत नाही. भाजी निवडता निवडता, बाजारहाट सांगावा तसं सांगतात, की डोंगा काठाला लागला, जयवंत उतरला, तिचा हात धरला. साडभाऊ मान खाली घालून नीट ऐकून घेतात आणि शेवटी हळूच विचारतात, "खरंच उतरला?"

"उतरला ना," त्या म्हणतात, आणि चहा ठेवायला उठतात.