चार सूत मोकळीक

मिस्त्रींचं खरं नाव विचारलं तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागलं असतं. सगळे त्यांना सूतभर मिस्त्री म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि मिस्त्रींचा अख्खा सुतारधंदा त्या एका सुतावर उभा होता. ड्रॉवर असो, कपाट असो, खिडकी असो, घट्ट बसवायचं नाही. सूतभर मोकळं सोडायचं. हवा दमट झाली की लाकूड फुगतं, फुगलं की अडतं, आणि अडलेलं दार लाथा घालून उघडणारं गिऱ्हाईक नाव सुताराचंच काढतं. चाळीस वर्षांत मिस्त्रींचं एकही दार अडलं नव्हतं. हे ते स्वतःच सांगायचे, कुणी न विचारता, आणि एकाच माणसाला तीन-तीनदा.

लेकीला सातवा महिना लागला तेव्हा जावयानं बाळाच्या झोपण्याची सोय बघायला घेतली. जावई पाण्याचे मीटर तपासणारा, अबोल गडी. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय झाकण न उघडणारा. त्यानं आपल्या पलंगाची उंची गादीसकट मोजली, तीन दुकानं पालथी घातली आणि पलंगाला खेटून लावायचा एक पाळणा आणला. हलका धातूचा सांगाडा, तीन बाजूंना जाळी, आईकडची बाजू खाली उतरवलेली, आत पातळ आणि टणक गादी. शिवाय दोन लांब पट्टे. ते पलंगाच्या गादीखालून पलीकडे नेऊन करकचून आवळायचे, म्हणजे पाळणा पलंगापासून हलत नाही.

मिस्त्रींनी तो पाळणा बोटानं टिचकी मारून पाहिला. "जावईबापू, हे पट्टे कशाला? पळून जाणार आहे का हा?"

सगळे हसले. जावईही कसनुसा हसला. "पाळण्यासोबतच्या पुस्तकात लिहिलंय, बाबा. मध्ये अजिबात फट राहता कामा नये."

"पुस्तक! अहो, ज्याला सांधा जमत नाही तो पट्टा बांधतो. माझ्या नातवंडानं काय बाजारच्या पिशवीत झोपायचं?"

जावयानं तेव्हाच पाय रोवायला हवे होते. पण सासरा, त्यात मिस्त्री, त्यात चारचौघांत बोललेला. दुसऱ्या दिवशी पाळणा दुकानात परत गेला.

मिस्त्रींनी मग दीड महिना खपून सागवानी पाळणा केला. आईकडची बाजू तशीच खाली, खिळा एक नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. कडा इतक्या घासल्या की त्यांच्यावर स्वतःचा गाल फिरवून बघायचे, कुसळ टोचतं का म्हणून. पायांखाली नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे तुकडे चिकटवले. लेकीनं ओढला तर आवाज होऊ नये आणि बाळ जागं होऊ नये, हा विचार. आणि सहज सरकावा म्हणून पलंग आणि पाळणा यांच्यामध्ये नेहमीच्या एका सुताऐवजी चार सूत जागा सोडली. अर्धा इंच. लेकीसाठी खास.

"बाबा, ही फट..." जावई म्हणाला.

"ती फट नाही हो, मोकळीक आहे," मिस्त्री म्हणाले, आणि शेजारपाजारचे पाळणा बघायला आले तेव्हा हे वाक्यही त्यांनी ज्याला त्याला ऐकवलं.

मुलगी झाली. एकोणीस दिवसांची झाली असेल, तेव्हाची गोष्ट. दुपारी मिस्त्री लेकीकडे गेले. जावई कामावर होता. लेक म्हणाली, "बाबा, नुकतीच झोपलीये. तुम्ही बसा इथं, मी तेवढं वाटण करून घेते." मिक्सरच्या आवाजानं बाळ दचकायचं, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली की दार घट्ट लावून घ्यायची. दार मिस्त्रींनीच केलेलं. न अडता लागलं.

मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि ते पाळण्यात डोकावले.

पाळणा पलंगापासून चांगला चार बोटं दूर गेला होता. कसा, ते त्यांना एका नजरेत कळलं. लेक उठता-बसता पाळण्याच्या कडेवर हात टेकवायची, आणि दर वेळी तो नमद्यावरून बिनआवाज थोडा थोडा मागे जायचा. आतली गादी फटीकडे कलली होती. त्या उतारावरून बाळ घसरलं होतं. दोन्ही पाय मांड्यांपर्यंत फटीत, दुपटं गोळा होऊन हनुवटीशी आलेलं, आणि तोंड पलंगाच्या गादीच्या कडेला टेकलेलं. बाळ रडत नव्हतं.

मिस्त्रींनी कसं उचललं ते त्यांना नंतर आठवेना. उचलल्यावर बाळानं एक मोठा श्वास घेतला आणि टाहो फोडला. असा गोड आवाज मिस्त्रींनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आणि बाळाला खांद्यावर धरून त्यांनी काय करावं? गुडघ्यानं पाळणा ढकलला. पुन्हा पलंगाला लावला.

मिक्सर थांबला, दार उघडलं. "काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. भूक लागली असेल."

इतकं सहज खोटं आपल्याला बोलता येतं हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. चहा न घेताच ते निघाले. जिना उतरताना त्यांनी मनाशी पक्कं केलं, उद्या पट्टे घेऊन यायचे, गुपचूप बसवायचे, म्हणायचं की सहज सुचलं. कुणाला कशाला कळायला हवं? रात्री ताटावरून तसेच उठले. बायकोनं विचारलं तर पित्त झालंय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोबरोबर लेकीकडे पोचले. पिशवीत पट्टे होते. पण आजीनं आधी बाळाचं दुपटं बदलायला घेतलं आणि मांडीवरचा लांबट लाल वळ तिच्या नजरेला पडला.

"अगं, हे काय? कुठं अडकवलंस पोरीला? लक्ष कुठं असतं तुझं?"

लेक बघतच राहिली. "मला नाही माहीत, आई. मी दुपटं फार आवळलं असेन."

"असेन म्हणजे? एकोणीस-वीस दिवसांचं लेकरू ते! मोबाइलमधून डोकं वर काढशील तर दिसेल!"

लेकीचे डोळे भरून आले. जावई दाढी अर्धी सोडून आतून आला. "माझंच चुकलं असेल," लेक म्हणाली. "मला जमतच नाहीये बहुतेक."

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे होते. खिडकीची चौकट बघत होते, जशी काही ती आजच बसवली होती. गप्प राहिले असते तर पट्टे बसले असते, वळ गेला असता आणि नाव राहिलं असतं. ते वाक्य कानात पडलं नसतं, तर कदाचित गप्प राहिलेही असते. पण "मला जमत नाहीये" हे त्यांना ऐकवेना. लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिला नको बोलूस," ते बायकोला म्हणाले. "मी शेण खाल्लंय."

मग सगळं सांगितलं. फट, नमदा, टेकलेलं तोंड, गुडघ्यानं ढकललेला पाळणा, भुकेची थाप. सांगताना वर बघितलं नाही. बायकोनं पदर तोंडाला लावला. मिस्त्रींना वाटलं, आता लेक पाळण्याबद्दल बोलेल, पट्ट्यांच्या चेष्टेबद्दल बोलेल. ती त्यातलं काहीच बोलली नाही. तिनं बाळाला उचलून छातीशी धरलं आणि विचारलं,

"म्हणजे काल रात्री तुम्हाला माहीत होतं?"

मिस्त्रींनी होकारार्थी मान हलवली.

"बाबा, काल रात्रभर ती त्यातच झोपली होती."

हे मिस्त्रींच्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्रभर तळमळले ते, पण कशासाठी? लोक काय म्हणतील, जावई काय म्हणेल, चाळीस वर्षांचं नाव जाईल. एका जिन्यावर आणि दोन गल्ल्यांवर आपली नात त्याच फटीशेजारी झोपलीये, हे त्या साऱ्या हिशेबात कुठंच नव्हतं. पिशवीतले पट्टे त्यांनी बाहेर काढलेच नाहीत.

ते खाली उतरले आणि थेट दुकानात गेले. परत केलेलाच पाळणा अजून तिथं होता. खोका स्वतः डोक्यावर घेऊन दोन मजले चढले. जोडायला बसल्यावर पान्याला हात घालण्याआधी म्हणाले, "जावईबापू, तुम्ही वाचा. मी करतो."

जावई वाचत गेला आणि मिस्त्री नव्या शिकाऊ उमेदवारासारखे करत गेले. पाळण्याची गादी पलंगाच्या गादीच्या बरोबरीनं. पट्टे गादीखालून, पलीकडे, करकचून. बाळ पाठीवर, आत उशी नाही, लोड नाही, जाड पांघरूण नाही. रोज झोपवण्याआधी पट्टा ओढून बघायचा. बाळ हाता-गुडघ्यांवर उठायला लागलं की हा पाळणा बंद. शेवटी जावयानं पाळणा हिसडून पाहिला, मग मध्ये बोट घालून पाहिलं. बोट जाईना. मिस्त्रींच्या आयुष्यातलं हे पहिलंच काम, ज्यात सूतभरही मोकळं नव्हतं.

सागवानी पाळणा आता कारखान्यात आहे. गिऱ्हाईकं त्यावर हात फिरवतात, केवढ्याला म्हणून विचारतात. मिस्त्री म्हणतात, विकायचा नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर खरं काय ते सांगतात, आणि तेही एकदाच.

लेकीनं बोलणं टाकलं नाही. मिस्त्री गेले की चहा देते, बाळ मांडीवर देते. परवा त्यांच्यासमोरच तिनं बाळाला पाळण्यात ठेवलं, पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, बसा. मी आलेच." स्वयंपाकघरात गेली. मिक्सर सुरू झाला, बाळ दचकलं, मिस्त्रींनी हलकेच छातीवर हात ठेवला.

मग त्यांचं दाराकडे लक्ष गेलं. दार पुरतं लावलेलं नव्हतं. आतून बाहेरचं दिसेल एवढंच उघडं होतं. मिस्त्रींची नजर चाळीस वर्षांची, त्यांना मोजायची गरज पडली नाही. चार सूत. अडलं असेल का, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण त्यांचं दार कधी अडत नव्हतं.