देवाची पळी

नातसुनेनं बाळासाठी दुधाच्या पावडरचा डबा उघडला आणि तो गोडसर वास नाकात शिरताच मला अनसिंगजवळच्या आमच्या घरातली चूल आठवली. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. मोठी जाऊ बाळंतपणात गेली, मागे आठ दिवसांची पोर राहिली, आणि भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, मोटारीनं कारंज्याला जाऊन असाच एक डबा आणला. वरची अक्षरं इंग्रजी. घरात ती कोण वाचणार! सासूबाईंनी देव्हाऱ्यातली तीर्थाची पळी घासून माझ्या हातात दिली. "आईविना लेकरू हाय, देवाच्या पळीनंच दे. एवढ्याशा पोटाले एक पळी बस झाली." वाटीभर कोमट पाण्यात मी ती इवलीशी पळी कालवायची आणि बोंडल्यानं पाजायची. पाणी जेमतेम पांढरं व्हायचं. पोर रडत राहायची. "भुकी असंल का?" मी एकदा विचारलं. "आत्ताच तं पाजलं तुनं. आईले शोधून राह्यली," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. महिन्याभरात रडणं बारीक झालं. आम्हाला वाटलं, पोर रुळली. मग एका सकाळी ती उठलीच नाही. चार दिवसांनी मी डबा रिकामा करायला घेतला, तेव्हा तळाशी पावडरीत पुरलेलं एक माप निघालं. पळीनं भरून पाहिलं, तर त्यात चार पळ्या मावल्या. कुणाला न सांगता मी ते विहिरीत टाकलं. आज बाळ रडायला लागलं तशी नातसून म्हणाली, "आजी, आत्ताच तर पाजलं, मग रडते काहून?" "भुकी हाय," मी म्हटलं, "दुसरं काही नाही, भुकी हाय."