तो आपटा नव्हता

आमच्या नगरच्या बागेत, कोपऱ्यातल्या बाकावर सावली धरणारं एक झाड आहे. मी फेऱ्या मारायचो तेव्हा बायको त्या बाकावर बसायची. मी परत आलो की ठरलेला प्रश्न: "अहो, हे झाड फुलत कसं नाही हो?"

फुलतंय डोंबल! ते देवकांचन. दसरा सरला की जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरून जाणारं. पण लोकांना पानाच्या दोन पाळ्या तेवढ्या दिसतात, आणि दरसाल दसऱ्याला ते आपटा समजून त्याला ओरबाडतात. अरे, आपट्याचं पान लहान, जाड, हाताला खरखरीत. कांचनाचं तळहाताएवढं, मऊ. डोळे काय कपाळाला गेलेत का तुमचे?

यंदा गणपतीतच बायकोचे गुडघे गेले, मग बागेत मी एकटाच. त्यात दिवाळी झाली की आम्ही नगर सोडून मुलाकडे पुण्याला जाणार, कायमचे. दसऱ्याच्या तोंडावर बघतो तर झाडाला कळ्या! घरी अवाक्षर काढलं नाही. फुललं की तिला रिक्षात घालून आणायची आणि बाकावर बसवायची, असं मनाशी पक्कं केलं.

दसऱ्याला उजाडताच झाडाखाली ठाण मांडलं. येईल त्याला हाकललं. खर्ड्याकडचा एक झेंडू विकणारा म्हणाला, "पान जोड हाय न्हाई? मंग आपटाच की, बाबा!" एक इस्त्रीच्या कपड्यातले साहेब म्हणाले, "काका, सणासुदीला कशाला किरकिर? झाड काय तुमच्या बापाचं आहे?" आहे, म्हटलं, जा! ओरडून ओरडून घसा बसला.

दुपारी बायको माझ्यासाठी उपाशी थांबली असणार, म्हणून घरी गेलो. श्रीखंड-पुरीचे चार घास कसेबसे गिळले आणि उलट पावली पळालो. तेवढ्यात सत्यानाश! झाडाचा पार खराटा केला होता. मोडलेल्या फांद्या खाली लोळत होत्या, कळ्या चपलांखाली चिरडल्या होत्या. संतापानं मला रडू फुटलं. बाकावर बसून राहिलो.

अंधार पडताना घरी आलो. शेजारीण सोनं देऊन गेली होती. बायको भिंतीला धरून उठली. वाकता येईना, म्हणून तिनं नुसताच हात पुढे केला. "घ्या, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." हातात कांचनाची डहाळी.

"यंदाचा आपटा बघा, केवढाली पानं!" ती म्हणाली. "पण हे टोकाला हिरवं काय आलंय? कीड दिसतेय. खुडून टाकू?"

"हात लावू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडलो की ती दचकली. मग सांगावंच लागलं. "कळी आहे ती. आपल्या बाकावरच्या झाडाची."

तिनं डहाळी दिव्याजवळ नेली.

"म्हणजे यंदा ते फुलणार होतं?"