पेटीवाल्याचा तिसरा हात

संपादक समोरच्या माणसाचे आधी हात मोजत. पोस्टमनच्या एका हातात सायकल, दुसऱ्यात पत्रांचा गठ्ठा. तेव्हा पावसात त्याच्याशी बोलायचं असेल तर छत्री आपण धरायची. हॉटेलातल्या गिऱ्हाइकाच्या एका हातात कप, दुसऱ्यात बशी. तेव्हा वर्तमानपत्र त्याच्यापुढे आपण उलगडून ठेवायचं. आणि पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. "पेटीवाल्याला तिसरा हात नसतो," असं ते म्हणत. या एका वाक्यावर त्यांनी पनवेलमधून अकरा वर्षं मासिक चालवलं.

मासिकाचं नाव 'पेटीमित्र'. देश स्वतंत्र झाल्यावर दोन-तीन वर्षांत ते सुरू झालं. त्याआधी संपादक मिठागराच्या कचेरीत कारकून होते. गावात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. भाजीवाली त्यांना संपादक म्हणे, आणि त्यांची बायकोही "आमचे संपादक जेवायला बसलेत" असं दारातून सांगे. कचेरी म्हणजे उरण नाक्याजवळच्या एका छापखान्याची मागची खोली. तिथे एक टेबल, एक पेटी आणि मी. माझं काम प्रुफं तपासण्याचं होतं. नोकर असा मी एकटाच, तरी ते मला चारचौघांत 'उपसंपादक' म्हणत आणि अहो-जाहो करत.

पुण्या-मुंबईची संगीतावरची मासिकं टपालाने येत. संपादक ती वाचत नसत, तपासत. एकात मोठमोठ्या गायकांच्या घराण्यांवर लेख असत. ते मासिक ऐकणाऱ्यांचं, असं ते म्हणत. ऐकणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे, म्हणून लेख लांब. दुसऱ्यात सिनेमातल्या नट्यांचे फोटो असत. ते पडून वाचणाऱ्यांचं. त्याचा एक हात डोक्याखाली, म्हणून लेख आखूड आणि चित्रं मोठी. "आपला वाचक या दोघांत नाही. तो काम करतोय," असं ते म्हणत. त्या काळात रेडिओवर पेटीला बंदी होती. पेटी हे आपल्या गाण्याला न शोभणारं वाद्य, असं तिथल्या जाणकारांचं मत होतं. त्यामुळे गावोगावचे पेटीवाले मनातून दुखावलेले होते. संपादकांनी दुखावलेला माणूस हेरला आणि त्याच्यासाठी मासिक काढलं. पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती: "रेडिओने आपल्याला दाराबाहेर ठेवलं आहे. या, इथे बसा." त्या ओळीवर रत्नागिरीपासून नाशिकपर्यंत वर्गणीदार मिळाले.

तिसऱ्या हाताच्या नियमातून बाकीचे नियम निघत. वाजवताना पान उलटता येत नाही. म्हणून प्रत्येक गाणं नोटेशनसकट समोरासमोरच्या दोन पानांत संपलं पाहिजे. पेटीच्या झाकणावर पसरलेलं मासिक डोळ्यांपासून हातभर लांब असतं. म्हणून छपाईचे खिळे मोठे. खिळे मोठे म्हणून दोन पानांत दोनच कडवी मावत. तिसरं कडवं संपादक गाळत. गाणं कोणाचं आहे, तिसऱ्या कडव्यात काय आहे, याचा त्याच्याशी संबंध नसे. मुंबईच्या एका कवींनी चार कडव्यांचं गीत पाठवलं. निम्मं छापलेलं पाहून त्यांनी अतिशय कडक पत्र लिहिलं. संपादकांनी उलट टपाली विचारलं की आपण पेटी वाजवता का. कवींनी कळवलं की नाही. संपादकांनी दुसरं कार्ड टाकलं: "मग राहू द्या."

अंक छापून आला की त्याची परीक्षा होई. संपादक तो पेटीवर उघडा ठेवत आणि मला खाडीकडचं दार उघडायला सांगत. गाणं संपायच्या आत वाऱ्याने अंक मिटला, तर तो नापास. मग बांधणी सैल करायची. ती सैल करत करत शेवटी एकाच टाचणीवर आली. त्यामुळे 'पेटीमित्र' वाऱ्याने मिटत नसे, पण तीन महिन्यांत त्याची पानं सुटी होत. तशी तक्रार आली तेव्हा त्यांनी छापील उत्तर दिलं की सुटी पानं पेटीवर अधिक चांगली बसतात.

छापखान्याचे मालक शेठ भले गृहस्थ होते. मुखपृष्ठावर एखादी नटी टाका, असं ते दर दिवाळीला सुचवत. संपादक म्हणत, "शेठ, बाईचं चित्र बघणारा मासिक हातात धरतो. आपला वाचक मासिक हातात धरत नाही." मुखपृष्ठावर पहिल्यापासून पेटीचं चित्र होतं. एकच ब्लॉक, महिन्याला फक्त शाई बदले. तोच ब्लॉक लहान करून प्रत्येक गाण्याच्या शेवटी टाकलेला असे. हे छोटं चित्र संपादकांचं लाडकं होतं. गाणं संपल्यावर वाजवणाऱ्याने डोळे कुठे ठेवायचे, असा त्यांचा प्रश्न होता. शेठ माझ्याकडे पाहून म्हणत, "उपसंपादक, पंचमीला नागाचं चित्र विकतात ना, तेसुद्धा दरवर्षी जरा वेगळं असतं."

संपादकांचा अभिमान एका गोष्टीत होता. वर्गणीदार गेले ते मरणाने, बदलीने किंवा लग्न होऊन पेटी माहेरी राहिल्यामुळे. नाराज होऊन एकही गेला नव्हता. हे ते स्वतःच्या तब्येतीबद्दल सांगावं तसं सांगत. म्हणून आपटा गावाहून येणाऱ्या पत्रांनी त्यांची झोप उडाली.

पत्रं हिराजी नावाच्या वर्गणीदाराची होती. दर महिन्याला एक कार्ड, अक्षर गोल, मजकूर एका ओळीचा: "या गाण्याचे तिसरे कडवे कोठे आहे?" संपादक दर महिन्याला अंकात उत्तर देत: "आपट्याचे श्री. हिराजी यांस: पेटीवाल्याला तिसरा हात नसतो." असं पावणेदोन वर्षं चाललं. इतर वाचक हा संवाद चवीने वाचत. एकदा पेणच्या एका भजनी मंडळाने हिराजींची बाजू घेतली, तर महाडच्या एका शिक्षकाने संपादकांची. मग एका कार्डात एकाऐवजी तीन ओळी आल्या. पुढच्या महिन्यापासून अंक पाठवू नये. ज्या घरात तिसरे कडवे लागते त्या घराला हे मासिक उपयोगाचे नाही. कळावे, हिराजी.

संपादकांनी ते कार्ड दोनदा वाचलं आणि टोपी घातली. आम्ही एस.टी.ने आपट्याला गेलो. वाटेत ते एकदाच बोलले. या माणसाला पेटी येत नसणार, असा त्यांनी अंदाज केला. नुसता वाचणारा असेल, चुकून आपल्याकडे आला असेल. तसं निघालं तर नियमही शाबूत राहत होता आणि गेलेला वर्गणीदार मुळात आपला नव्हता, असंही म्हणता येत होतं.

घर नदीकडच्या वाटेवर होतं. ओटीवर चाळिशीचा एक माणूस भाताचं पोतं शिवत होता. पोत्याची कड त्याने पायाखाली दाबून धरली होती आणि उजव्या हाताने दाभण ओढत होता. त्याचा डावा हात कोपराखाली नव्हता. भातगिरणीच्या पट्ट्यात गेला, हे पुढे कळलं. संपादकांनी सवयीप्रमाणे हात मोजले आणि नमस्कार करायचं विसरले.

मी आमची ओळख सांगितली. हिराजींनी दाभण खाली ठेवलं, आत वळून "द्वारके, तुजे मासिकवाले आले" अशी हाक दिली आणि आम्हाला घोंगडी टाकली. द्वारकाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. संपादकांनी विचारलं की पत्रं लिहिणारे हिराजी आपणच ना. हिराजी म्हणाले, "नाव माजं. अक्षर तिचं. तंटा पन तिचाच."

द्वारकाबाई आत गेल्या आणि पेटी घेऊन आल्या. झाकणावर आमचा अंक होता. हिराजी पट्ट्यांच्या बाजूला बसले, द्वारकाबाई त्यांच्या समोर, भात्याच्या बाजूला. त्या उजव्या हाताने भाता मारू लागल्या, हिराजींची बोटं पट्ट्यांवर फिरू लागली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. हिराजींचा आवाज बरा होता, इतकंच म्हणता येईल. पेटी मात्र स्वच्छ वाजत होती. दुसरं कडवं संपलं तिथे आमचं पेटीचं छोटं चित्र होतं. हिराजी थांबले. द्वारकाबाईंनी मोकळ्या डाव्या हाताचं बोट त्या चित्रावर ठेवलं.

"तुमी लिवता तिसरा हात नाय. मंग यो काय हाय?"

संपादक पुन्हा हात मोजू लागले.

"आमच्या घरात दोगांचे मिलून तीन हात हायत. दोन कामाला, एक रिकामा. पान उलटायला येतंय मना. पर तुमी पानच देत नाय."

मग हिराजींनी समजावून सांगितलं. हात गेल्यावर पेटी बंद पडली होती. भाता मी मारते, असं द्वारकाबाई म्हणाल्या, पण अट घातली: पहिली दोन कडवी तुमची, तिसरं माझं. जुन्या भजनांच्या वहीत तसं नीट चाले. मग नवी गाणी हवीत म्हणून 'पेटीमित्र' लावलं आणि गाणी दुसऱ्या कडव्याशीच थांबू लागली.

"दोन वर्सं झाली," द्वारकाबाई म्हणाल्या, "मी नुसता भाता मारतंय. तुमच्या नेमानं माजं कडवं गेलं."

संपादकांनी झाकणावरच्या अंकाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं की समोर बसून आपल्याला अक्षरं उलटी दिसत असतील, मग वाचता कशी. द्वारकाबाई म्हणाल्या की आता सवय झाली. त्यांनी अंकातलं एक पान तसंच उलट्या बाजूने घडाघडा वाचून दाखवलं. त्यात संपादकांचं उत्तरही आलं. उलट्या खिळ्यांवरून मजकूर असा वाचणारा आमच्या छापखान्यात एकच जुळारी होता, आणि त्याला त्यात वीस वर्षं गेली होती. संपादक म्हणाले, "बाई, आमच्याकडे खिळे जुळवायला या." हिराजी लगेच म्हणाले, "मंग भाता कोन मारील?"

परतताना एस.टी.त संपादकांनी खिशातला कागद काढून गुडघ्यावर दोन पानांचा चौकोन आखला.  मग म्हणाले, "तिसऱ्या कडव्याची चाल दुसऱ्यासारखीच. म्हणजे नोटेशन नको. नुसत्या चार ओळी. चार ओळींची जागा कुठे आहे, उपसंपादक?" जागा कुठे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. कर्नाळ्याचा सुळका मागे पडेपर्यंत त्यांनी त्या छोट्या चित्रावर काट मारली नाही. मग मारली.

पुढच्या अंकात प्रत्येक गाण्याच्या शेवटी चित्राच्या जागी तिसरं कडवं आलं. ते उलटं छापलं होतं. समोर बसणाऱ्याला सुलटं दिसावं म्हणून. त्याबद्दल अंकात एका शब्दाचाही खुलासा नव्हता. शेठनी पहिला फर्मा पाहिला आणि जुळाऱ्याचं तोंड हुंगलं. जुळाऱ्याने मला बोलावलं, मी संपादकांना. संपादक म्हणाले, "बरोबर आहे. छापा."

आठवडाभरात पत्रं यायला लागली. बहुतेकांनी चूक कळवली होती. महाडच्या शिक्षकांनी मासिकाचा दर्जा घसरल्याबद्दल खेद व्यक्त केला. पेणच्या मंडळाने विचारलं की ही सक्ती आहे की गंमत. संपादकांनी कोणालाही उत्तर दिलं नाही. दोन अंक असेच गेले. तिसऱ्या अंकानंतर पत्रांचा सूर बदलला. नागोठण्याहून एकाने लिहिलं की समोर बसून ऐकणारी बहीण परवा आपण होऊन गायला लागली. ती गाते हे घरात माहीत नव्हतं. रोह्याच्या एका गृहस्थांची तक्रार वेगळी होती. त्यांच्या सौभाग्यवती आता तिसरं कडवं सोडायला तयार नव्हत्या आणि त्यांचा आवाज चांगला नव्हता. महाडच्या शिक्षकांनी दर्जाबद्दल पुन्हा लिहिलं नाही. मात्र वर्गणी भरताना कोपऱ्यात बारीक अक्षरात टीप होती: "आईस चौथे कडवेही हवे आहे."

आपट्याची वर्गणी चालू राहिली. कार्डही येत राहिलं, त्याच गोल अक्षरात आणि खाली 'हिराजी' अशीच सही. आता त्यात चुका दाखवलेल्या असत: अमुक ओळीत स्वर चुकला, तमुक शब्द राहिला. सगळं माहीत असूनही संपादक अंकात उत्तर देत: "आपट्याचे श्री. हिराजी यांस: दुरुस्ती मान्य." मी एकदा म्हटलं की आता बाईंच्या नावाने उत्तर द्यायला काय हरकत आहे. ते म्हणाले की सही कोणाची करायची हे लिहिणाऱ्याने ठरवायचं, संपादकाने नाही.

पुढे मला मुंबईच्या एका दैनिकात नोकरी लागली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा संपादकांनी माझे हात मोजले. एका हातात वळकटी, दुसऱ्यात ट्रंक. निरोपाचा चांदीचा पेला द्यायचं त्यांनी ठरवलं होतं म्हणे. तो परत टेबलाच्या खणात ठेवून पोस्टाने पाठवतो म्हणाले, आणि पाठवला. दैनिकात मी बरीच वर्षं मथळे दिले. हे वाचणारा कुठे बसला असेल, याचा विचार मी दर वेळी करत असे. त्याच्या समोर कोण बसलं असेल, हा विचार मात्र मी संपादकांकडूनच शिकलो आणि तो वर्तमानपत्रात फारसा उपयोगी पडला नाही.

साठ सालानंतर संपादक गेले. शेठनी 'पेटीमित्र'चा एक शेवटचा अंक काढला. मुखपृष्ठावरून पेटी काढून त्यांनी तिथे संपादकांचा फोटो टाकला. इतक्या वर्षांनी मुखपृष्ठावर माणसाचा चेहरा आला, पण तो नटीचा नव्हता, असं शेठ मला डोळे पुसत म्हणाले. आतली गाणी नेहमीसारखीच होती, तिसरं कडवं उलटं.

त्या अंकानंतर छापखान्यात आलेली पत्रं शेठनी मला पाठवली. त्यात आपट्याचं कार्ड होतं. अक्षर तेच.

"अंक मिळाला. फोटोचे पान सुटे करून पेटीवर ठेवले आहे. आमच्या यांना तो उलटा दिसतो. मला सुलटा दिसतो. गाण्यात चूक नाही."

खाली सही होती: द्वारका हिराजी.