सांगोवांगीची सून

दुकानाची पाटी पुसताना पार्लरवाली स्टुलावरून पडली. डोक्याला टाके पडले, हाड एकही मोडलं नाही. पण शुद्धीवर आली तेव्हा लग्न आणि त्यानंतरचं सगळं डोक्यातून साफ गेलं होतं. आई आठवत होती, शाळेतल्या मैत्रिणी आठवत होत्या, केस कापायला शिकवणारी बाईसुद्धा आठवत होती. उशाशी बसून रडणारा माणूस मात्र काही केल्या ओळखू येईना.

"तुम्ही कोण?"

"मी तुझा नवरा."

"मग तुम्ही का रडताय? पडले तर मी!"

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस सरळ, पण भिडस्त. आई आणि बहीण समोर असल्या की त्याच्या तोंडाला कुलूप.

ती घरी आली, तशी जो तो तिला ती कोण होती हे सांगायला लागला. सासू म्हणाली, "तू सगळ्यांच्या आधी उठायचीस. माझे पाय चेपल्याशिवाय झोपायची नाहीस." नणंद म्हणाली, "वहिनी, तू मला पार्लरमध्ये भागीदार करणार होतीस. नुसती सही राहिली होती." शेजारीण तर म्हणाली, आमच्या मांजराला आंघोळ तूच घालायचीस.

"इतकी गुणी होते मी?" पार्लरवालीने विचारलं. "मग चौकात माझा पुतळा कसा नाही?"

कोणी हसलं नाही.

मग नणंदेने एका सिनेमाची तिकिटं आणली. हसवणारा प्रेमाचा सिनेमा, आणि त्यातली नायिकाही नवऱ्याला विसरलेली! तो तिला लग्नाचे फोटो दाखवतो, तिच्या आवडीच्या रंगाचे कपडे घालून खिडकीखाली गातो, कुंडीत पाय अडकून पडतो. लोक खदाखदा हसत होते. शेवटी टेकडीवर त्याने हाक मारली आणि तिला एका क्षणात सगळं आठवलं. सासू पदराने डोळे पुसत बाहेर आली.

"बघितलंस? प्रेम खरं असलं की आठवतं."

"म्हणजे मला आठवत नाही, तर माझंच प्रेम खोटं?" पार्लरवाली जिन्यावरच थांबली. मागून येणारी गर्दीही थांबली. "अख्ख्या सिनेमात त्या पोरीला कोणी एकदा तरी विचारलं का, बाई गं, हा माणूस तुला आवडतो का? नुसतं आठव, आठव! मी नाही आठवणार जा. मी कोण ते आता माझं मी बघेन."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे ना!"

त्याच संध्याकाळी तिने पार्लरच्या मागच्या खोलीत गादी टाकली.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला फुलं घेऊन दारात उभा राहिला आणि सिनेमातलं गाणं म्हणायला लागला. आवाज असा, की आत केस रंगवून घेणारी बाई दचकली आणि रंग कानावर आला. पार्लरवालीने दार लावून घेतलं. तो तरीही बाहेरच्या बाकावर बसून राहिला. गिऱ्हाइकं गेल्यावर ती बाहेर आली.

"गाणं पुरे. खरं सांगा, मी कशी होते?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भांडखोर. उशिरा उठायचीस. आईचे पाय तू कधी चेपल्याचं मी तरी पाहिलं नाही. आणि पडलीस तेव्हा तू माझ्याशी बोलत नव्हतीस."

"का?"

"तुला न विचारता मी ताईला पार्लरमध्ये भागीदारी कबूल केली होती."

तिला तो प्रसंग आठवला नाही, पण राग मात्र अगदी ताजा आला.

"अबोला संपला होता का?"

"नाही."

"मग उरलेला आता धरते," म्हणून ती आत निघून गेली.

त्या अबोल्याने मात्र चष्मेवाल्याचं कुलूप उघडलं. त्याने घरी जाऊन बहिणीला सांगितलं, "पार्लर तिचं आहे. ते द्यायला मी कोण?" बहीण पाय आपटत गेली, आईने जेवण सोडलं, पण याने शब्द मागे घेतला नाही. मग तो रोज दुकान बंद करून पार्लरच्या बाकावर येऊन बसायला लागला. फुलं नाहीत, गाणं नाही. हळूहळू ती बोलू लागली, मग भांडू लागली. हा माणूस आपली बाजू पडती असली तरी खरंच सांगतो, हे तिला आवडलं. नवरा म्हणून नव्हे, असाच आवडला.

आठवण काही परत आली नाही. ती घरी परतली, पण आपल्या पायांनी आणि आपल्या अटींवर. पहिल्याच सकाळी ती ऊन वर आल्यावर उठली. सासूने सुरुवात केली, "पूर्वी तू..."

"सासूबाई, ती बाई गेली. आता माझ्याशी बोला."

सासू बराच वेळ कपबशीशी खुडबूड करत राहिली. मग घुश्शातच म्हणाली, "बरं बाई, चहात साखर किती घालू तुला?"

पार्लरवाली खुर्ची ओढून बसली. "अजून ठरवलं नाही. आधी घोटभर बिनसाखरेचा द्या."